दारावरची पाटी आणि सांवेर रोडची बिलं

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील काढून):

पत्र लिहिणारे गृहस्थ चव्वेचाळीस वर्षांचे. इंदूरला राहतात, पीथमपूरच्या एका मोठ्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतात. एम.बी.ए. होऊन वीस वर्षं झाली. वडील शाळेत मुख्याध्यापक होते. "आपल्या घरात एक तरी डॉक्टर हवा, सुईवाला नाही, पुस्तकवाला," असं ते म्हणायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्याच सुमारास ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने परदेशी संस्थेची 'डी.बी.ए.' (डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन) ऑनलाइन, चौदा महिन्यांत मिळवली आणि व्हिजिटिंग कार्डावर 'डॉ.' छापून घेतलं. आता त्याच कोर्सच्या एजंटाचे फोन यांना येताहेत. फी सात लाख, हप्त्यांची सोय, आणि रविवारपर्यंत नाव नोंदवलं तर पन्नास हजार सूट. दुसरा पर्याय म्हणजे नोकरी सांभाळून इथल्याच विद्यापीठातून पीएच.डी. पण तिला सहा-सात वर्षं लागतात आणि गाइडच्या घरची भाजी आणून द्यावी लागते, असं त्यांनी ऐकलंय. पन्नाशीनंतर नोकरी सोडून मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायचं मनात आहे. मुलगी अकरावीत. पत्नी म्हणते, "हौस आहे ही, आणि तीही नको त्या वर्षी सुचलेली." त्यांचे प्रश्न दोन: डी.बी.ए. की पीएच.डी.? आणि वय निघून गेलं का?

पत्राच्या शेवटाकडे त्यांनी लिहिलंय: "तसा माझ्याकडे संशोधनाला विषय काही नाही, तो गाइड देतीलच. आमच्या खात्यात रोजच्याच कटकटी. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतले दोन-तीन छोटे पुरवठादार उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंद) असूनही ती बिलावर दाखवू नका म्हणून हात जोडतात, एकाने तर रद्दच करून टाकली. पण हे काही पीएच.डी.चं नाही."

---

नमस्कार,

आधी रविवारचं बघू. तो जाऊ द्या. ज्या पदवीवर रविवारपर्यंत सूट असते ती सोमवारीही मिळते, आणि महिनाअखेरीला बहुधा आणखी स्वस्त मिळते. तुम्ही खरेदी विभागातले. एखादा पुरवठादार 'आजच ऑर्डर द्या, उद्या भाव वाढतोय' म्हणत दारात बसला तर त्याच्याकडे तुम्ही ज्या नजरेने बघता, त्याच नजरेने या फोनकडे बघा.

डी.बी.ए. म्हणजे सरसकट फसवणूक, असं मात्र मी म्हणणार नाही. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये कित्येक दशकं डॉक्टरेट होती ती डी.बी.ए.चीच, आणि तिथून नामवंत प्राध्यापक हीच पदवी घेऊन बाहेर पडले. अलीकडच्या वर्षांत तिथे तिची पीएच.डी. झाली. आज जगात चांगल्या संस्था डी.बी.ए. देतात ती मुख्यतः तुमच्यासारख्यांसाठी, म्हणजे कामाचा पंधरा-वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्यांसाठी. पीएच.डी.वाल्याने शास्त्रात भर घालायची, डी.बी.ए.वाल्याने धंद्यातला एखादा खरा पेच शास्त्राच्या शिस्तीने सोडवायचा, असा ढोबळ फरक. पण त्या चांगल्या ठिकाणीही तीन-चार वर्षं जातात, प्रबंध लिहावा लागतो, आणि तो तपासणारे परीक्षक तुमच्या ओळखीचे नसतात. चौदा महिन्यांत हे सगळं कसं बसतं, ते मला कळत नाही. निव्वळ प्रश्नावली तयार करून, दुरुस्त करून, माणसांपुढे ठेवण्यात माझे चौदा महिने गेले होते.

तेव्हा एजंटाला तीन गोष्टी विचारा. पदवीवर नाव कोणत्या विद्यापीठाचं असेल, आणि त्या विद्यापीठाला त्याच्या स्वतःच्या देशात पदवी देण्याचा अधिकार कोणी दिलाय? माझ्या प्रबंधाचा परीक्षक कोण नेमणार? गेल्या तीन वर्षांतले पाच प्रबंध मला वाचायला मिळतील का? उत्तरं लेखी मागा. आमचा कार्यक्रम अमक्या जागतिक मंडळाने 'ॲक्रेडिट' केलाय असं म्हणाले तर त्या मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन नाव शोधा, एजंटाने पाठवलेल्या पीडीएफवर नको.

भारतातली बाजू तुम्हाला ठाऊक हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने करताच येत नाही. त्याच्या जरा आधी, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) मिळून इशारा काढला होता: परदेशी संस्थांशी जोडी जमवून शिक्षण-कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात त्या आपल्याकडे ग्राह्य नाहीत. तेव्हापासून जाहिरातींत पीएच.डी.ऐवजी 'डी.बी.ए.' हा शब्द मला फार दिसू लागला. योगायोग असेलही. तुमच्या सहकाऱ्याच्या कार्डावरचं 'डॉ.' कंपनीत चालतं, लग्नपत्रिकेत चालतं. विद्यापीठाच्या निवड समितीपुढे ते चालेल असं समजून मात्र सात लाख मोजू नका.

आता मुळाशी येऊ. पन्नाशीनंतर शिकवायचं, म्हणून डॉक्टरेट हवी, असं तुम्ही गृहीत धरलंय. हे गणित थोडं सोडवून बघू.

आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीसाठी जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट (राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे पहिल्या पायरीवर उभं राहायला आयोगाचा दरवाजा नेटचा आहे (मॅनेजमेंट कॉलेजांसाठी एआयसीटीईचे निकष वेगळे असतात, तेही बघा). त्या परीक्षेत व्यवस्थापन हा विषय आहे, आणि सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी तिला वयोमर्यादा नाही. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी, आजचा पगार सोडून, पहिल्या पायरीवर तुम्हाला खरंच बसायचंय का?

तुमच्यासाठी दुसरा दरवाजा आहे आणि त्याचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही: 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'. आयोगाने २०२२ मध्ये ही सोय केली ती उद्योग, प्रशासन, कला अशा क्षेत्रांतून थेट वर्गात येणाऱ्यांसाठी. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव, तोही वरच्या पदावरचा. पीएच.डी.ची अट नाही. मुदत ठरावीक असते, एरवी तीन वर्षं, फार तर चार. संस्थेतल्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका करता येतात, म्हणजे जागा थोड्या, आणि प्रत्येक संस्था त्या भरतेच असं नाही. पाहुणे व्याख्याते म्हणून जायला तर तेही नको. पुढच्या सत्रात एखाद्या कॉलेजात 'पुरवठा साखळी'चे सहा तास घ्या. इंदुरात मॅनेजमेंट कॉलेजांना तोटा नाही, आणि खरेदीत वीस वर्षं हात काळे केलेला माणूस शनिवारी दोन तास फुकट शिकवायला तयार आहे म्हटल्यावर बहुतेक प्राचार्य चहा पाजतील. दुपारी अडीचच्या तासाला पेंगणारी साठ मुलं समोर बसली की शिकवणं आवडतंय की नुसतं प्राध्यापक म्हणवून घेणं आवडतंय, ते तुमचं तुम्हाला कळेल. हे सहा वर्षं घालवून कळण्यापेक्षा सहा तासांत कळलेलं बरं.

म्हणजे शिकवण्यासाठी डॉक्टरेट अत्यावश्यक नाही. नोकरीत बढतीसाठी ती लागते असं तुम्हीही लिहिलेलं नाही. मग राहतात बाबा.

त्यांच्याबद्दल मी जपूनच लिहिते. जखम ताजी आहे. तुम्ही त्यांचं वाक्य दिलंय ते मात्र नीट वाचा. 'पुस्तकवाला' म्हणाले ते. मुख्याध्यापकांच्या त्या पिढीला पदवीचं अप्रूप होतं हे खरं, पण रात्री कंदिलाशी किंवा चाळीसच्या दिव्याशी बसून वाचणारा माणूस त्यांना जास्त ओळखीचा होता. तुमच्या बाबांनी कार्ड बघितलं असतं की प्रबंध उघडून पहिल्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या, हे तुम्हालाच माहीत.

आणि आता ते वाक्य, 'हे काही पीएच.डी.चं नाही.' त्यावर मी अर्धा दिवस घालवला.

तुम्ही ज्याला कटकट म्हणता ती वाचकांसाठी थोडी उलगडून सांगते. लघुउद्योगांचे पैसे मोठ्या खरेदीदारांनी अडवून ठेवू नयेत म्हणून २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा आहे. करार असो वा नसो, ४५ दिवसांच्या पुढे बिल थकवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसच. थकवलं तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज मागायचा हक्क पुरवठादाराला आहे. हक्क आहे, पण मागतो कोण? ज्याने व्याज मागितलं त्याला पुढची ऑर्डर कोण देणार? म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. म्हणजे पुरवठादाराने तोंड उघडायची गरजच ठेवली नाही, खरेदीदाराच्या करातूनच चिमटा काढला. कागदावर झकास.

आणि सांवेर रोडवर काय झालं? ज्याच्या रक्षणासाठी कायदा, तोच हात जोडून म्हणतो, "साब, बिल पे उद्यम नंबर मत डालो." कारण त्याला भीती, की ४५ दिवसांची कटकट नको म्हणून मोठा कारखाना ऑर्डर मध्यम उद्योगाकडे वळवेल, मध्यम उद्योगाला हे कलम लागू नाही. एकाने नोंदणीच रद्द केली, म्हणजे स्वस्त कर्जापासून सरकारी खरेदीतल्या सवलतींपर्यंत सगळ्यावर पाणी सोडलं, फक्त तुमच्याकडून ऑर्डर येत राहावी म्हणून.

अहो, हाच विषय आहे! संरक्षण देणारा कायदा कोणत्या परिस्थितीत संरक्षिताच्याच गळ्यात धोंड होतो? सगळेच पुरवठादार घाबरले की काहीच? ज्याच्याकडे एकच मोठा गिऱ्हाईक आहे तो घाबरतो आणि ज्याचे पाच आहेत तो निवांत असतो का? ज्याचा सुटा भाग दुसरा कोणी बनवूच शकत नाही, त्याचं काय? शिवाय १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलल्या. लघुउद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटींवर गेली, म्हणजे काल जे मध्यम होते त्यांतले काही आज लघु झाले. ज्यांच्याकडे ऑर्डर वळवली तेच पुन्हा कलमाखाली आले! अभ्यासकाला असा आधीचा-नंतरचा फरक आयता हातात मिळणं दुर्मीळ. गाइड विषय देतीलच, असं तुम्ही लिहिता. गाइड काय देतील ते मी सांगते: 'कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानाचा अभ्यास: इंदूर शहराच्या विशेष संदर्भात'. आमच्या वाणिज्य शाखेतल्या निम्म्या प्रबंधांना ही विशेष संदर्भाची शेपटी असते. शहराचं नाव बदललं की नवा प्रबंध तयार.

पण याच विषयात तुमची सगळ्यात मोठी अडचणही आहे, आणि ती वेळेची वा वयाची नाही, तुमच्या खुर्चीची आहे. ज्याच्या हातात ऑर्डर, त्यालाच पुरवठादार खरं सांगेल का?

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. माझा प्रबंध कापड व्यापाऱ्यांच्या बँक-कर्जांवर होता. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये दुकान दर दुकान फिरून मी एकशे साठ प्रश्नावल्या भरून घेतल्या. सगळे इतके अगत्याने बोलले, इतकी लस्सी प्यायले मी, की वाटलं संशोधन म्हणजे मजाच. तक्ते मांडले तर बँकेच्या सेवेबद्दल जवळजवळ सगळे 'पूर्ण समाधानी'. माझे गाइड तक्त्याकडे बघत म्हणाले, "बाई, या बाजारातले व्यापारी देवावरही पूर्ण समाधानी नाहीत. तुमचे यजमान कुठे नोकरीला?" यजमान त्याच बाजारातल्या बँकेच्या शाखेत कर्ज विभागात होते. अख्ख्या मार्केटला ते माहीत होतं. एकशे साठ प्रश्नावल्या रद्दीत गेल्या, दोन वर्षं गेली, आणि मी शेवटी उज्जैनच्या व्यापाऱ्यांकडे गेले जिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

तेव्हा तुमच्या स्वतःच्या पुरवठादारांवर प्रबंध लिहू नका. देवासच्या कारखान्यांना माल देणारे घ्या, भोपाळजवळच्या मंडीदीपचे घ्या. भेटी उद्योग संघटनेमार्फत ठरवा, नावं सांकेतिक ठेवा, आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका की मी खरेदीवाला आहे पण तुमच्या गिऱ्हाइकाचा नाही. तुमच्या कंपनीची आतली आकडेवारी लेखी परवानगीशिवाय वापरायची नाही. ती मिळाली तरी मी वापरणार नाही, पण हे माझं मत. दोनशे जणांना पाच खणांची प्रश्नावली वाटण्याऐवजी तीस जणांशी दोन-दोन तास बोला, त्यांची तीन वर्षांची बिलं आणि पैसे आल्याच्या तारखा शेजारी ठेवून बघा. बिलं खोटं बोलत नाहीत, निदान माणसांइतकं नाही.

याच ठिकाणी पुढची अडचण. नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची तर २०२२ च्या नियमांप्रमाणे कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ, असं कंपनीने लिहून द्यायचं. मोठा कारखाना छोट्यांची बिलं कशी थकवतो या विषयावर हे पत्र मागायला जाल तेव्हा एचआरचा चेहरा काय होईल याची कल्पना आत्ताच करून ठेवा. आपल्या कंपनीवर नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलेला एक पानी आराखडा सोबत न्या. पत्र मिळणार नसेल तर ते पहिल्याच महिन्यात कळू दे.

बाकीचं यंत्र कसं चालतं ते थोडक्यात. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. (वाचक भगिनींसाठी: स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं, म्हणजे एकूण दहा, शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही ओळ कापून फ्रिजवर लावा.) सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनातली नीतिमत्ता. मग दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे 'काय केलंत' ते मांडायचं. शेवटी बाहेरचे किमान दोन परीक्षक आणि सगळ्यांसमोर मौखिक. प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेतून. आपलं अहिल्या विद्यापीठ डी.ई.टी. घेत आलंय. राऊकडच्या टेकडीवर आयआयएम आहे. २०१७ च्या कायद्याने आयआयएमना पदवी द्यायचा अधिकार मिळाला, त्याआधी तिथे 'फेलो' म्हणत. काही आयआयएम नोकरदारांसाठी वेगळा डॉक्टरल कार्यक्रम चालवतात, पण तो स्वस्त नाही आणि सोपा तर नाहीच.

गाइड आणि भाजी. असे गाइड आहेत. मी पाहिलेत, नावं घेत नाही. पण भाजी आणून देणारेही मी पाहिलेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना भाजी आणणं सोपं वाटायचं कारण लिहिणं अवघड होतं. गाइड निवडताना जागा रिकामी आहे म्हणून जाऊ नका. 'शोधगंगा' नावाचं सरकारी भांडार इंटरनेटवर आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्या हाताखाली झालेले तीन प्रबंध उतरवून घ्या आणि निष्कर्षाचं प्रकरण वाचा. तिन्हींचे निष्कर्ष एकाच साच्यातले असतील तर चौथा तुमचा. मग त्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याला गाठा, आणि शक्य असेल तर मधेच सोडून गेलेल्यालाही. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार. आठवे असाल तर वेळ किती मिळेल ते ओळखा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हेही विचारून घ्या. कागद पुढे सरकल्यावर कळलं तर फार मनस्ताप.

आणि 'सिनॉप्सिसपासून सबमिशनपर्यंत' पॅकेज देणारे तुम्हाला भेटतीलच. आता तर मशीनही पानंच्या पानं लिहून देतं. २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे, साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण दुसऱ्याने लिहिलेला प्रबंध साम्य तपासणीत सापडत नाही, तो सापडतो मौखिकात. मी परीक्षक म्हणून गेले होते तिथे एका उमेदवाराला त्याच्याच तिसऱ्या प्रकरणातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. तो पंख्याकडे बघत राहिला. मलाच लाज वाटली.

आता घर. 'नको त्या वर्षी सुचलेली हौस' यातल्या 'हौस' शब्दाचा तुम्हाला राग आलेला दिसतो. माझं लक्ष 'वर्षी'वर गेलं. तुमची पत्नी नाही म्हणत नाहीये, यंदा नको म्हणतेय. पुढचं वर्ष मुलीच्या बारावीचं. पीथमपूरच्या बसमध्ये तुमचे रोज दीड-दोन तास जातात. घरी येऊन तुम्ही खोलीचं दार लावून बसलात, की भंवरकुव्याच्या क्लासवरून रात्री नऊला मुलीला आणायचं, तिच्या चाचणीचे गुण कमी आले की समजूत घालायची, सासूबाईंची औषधं बघायची, हे सगळं कोणाच्या वाट्याला जाणार ते त्यांना आत्ताच दिसतंय. माझ्या प्रबंधाच्या काळात माझ्या सासूबाईंनी स्वयंपाकघर ओढलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी त्यांचं नाव गाइडनंतर लिहिलं, ते आजही टोचतं.

म्हणून माझा सल्ला: हे वर्ष नोंदणीचं करू नका, चाचपणीचं करा. फी शून्य. आठवड्याला पाच-सहा तास, त्यांतले काही बसमध्येच. मुलगी अभ्यासाला बसली की तुम्हीही त्याच टेबलावर बसा. बारावीच्या पोरांना आई-बापांच्या सूचनांचा कंटाळा असतो, सोबतीचा नसतो. पहिले दोन-तीन महिने नुसतं वाचायचं: बिलं उशिरा देण्यावर, छोट्या-मोठ्यांच्या व्यवहारावर, पुरवठादाराच्या परावलंबनावर जगात काय लिहिलं गेलंय. मग ओळखीबाहेरच्या तीन पुरवठादारांशी बोला. आणि दिवाळीपर्यंत सहा पानं लिहा, मराठीत किंवा हिंदीत का होईना. नोंदणी रद्द केलेल्या त्या एका माणसाने तो निर्णय कधी, कोणाला विचारून, कशाच्या भीतीने घेतला, एवढंच. सहा पानं लिहिताना रात्रीचे साडेअकरा कधी वाजले हे कळलं नाही, तर पत्नीला ती वाचायला द्या आणि पुढच्या वर्षीचा विषय तेव्हा काढा. लिहवलीच नाहीत तर सात लाखही वाचले आणि सहा वर्षंही. शनिवारचे तास आहेतच.

वयाचं तुम्ही विचारलंत म्हणून: आयोगाच्या नियमांत पीएच.डी.साठी वरची मर्यादा नाही. माझ्याकडे एक गृहस्थ एकावन्नाव्या वर्षी आले होते, सत्तावन्नाव्या वर्षी पूर्ण केलं. चष्म्याचा नंबर वाढला, एवढंच.

आणि हो, खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पत्रात तुम्ही एम.बी.ए.चे गुण लिहिले नाहीत. पीएच.डी.ला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्के सवलत. वीस वर्षांपूर्वी साडेत्रेपन्नला 'चांगले पडले' म्हणायची पद्धत होती. आज घरी गेल्यावर कपाटातली गुणपत्रिका काढून बघा, आणि मग मला पुन्हा लिहा.